शेळीच्या गळ्यातलं अंडं

दिवाळीनंतर रानात वाघीण उतरली तेव्हापासून ममता राठोडच्या पोटात एक गोळा बसला होता. मोबाइलमध्ये बघितल्याशिवाय तो खाली उतरत नसे.

मोबाइलमध्ये तिचे दोन ठिपके होते. लोहाऱ्याच्या कारखान्यात काम करणारा धाकटा दीर बादल दिवाळीला तांड्यावर आला, तेव्हा त्यानं ते बसवून दिले होते. निळा ठिपका नवऱ्याचा. सेवादास ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्याला असे, आणि निळा ठिपका कधी आदिलाबादेत जेवायला थांबलेला दिसे, कधी कुठल्या तरी नाक्यावर डुलक्या घेत असे. लाल ठिपका प्रियंकाचा, तेरा वर्षांच्या लेकीचा. निळ्याकडे ममता दिवसातून दोनदा बघायची, लाल ठिपक्याकडे शंभरदा. नवरा हरवला तर ट्रकचा मालक शोधून आणेल, ट्रक त्याचा आहे, असं ती शेजारच्या कांताबाईला म्हणायची आणि दोघी हसायच्या. लाल ठिपक्यावरून मात्र कोणी हसलेलं तिला चालत नसे.

तांडा पांढरकवड्यापासून आत, सडकेला लागून. तांड्याच्या मागे शेतं, शेतांच्या मागे नाला, नाल्याच्या पलीकडे जंगल. वाघिणीनं आधी पलीकडच्या कोलामपोडावरची, कोलामांच्या वस्तीतली, गाय मारली, मग महिनाभरानं एक माणूस. फॉरेस्टवाले जीप घेऊन आले आणि भोंग्यावरून सांगून गेले की एकट्यानं फिरू नका, बोलत राहा, चारच्या आत घरी या. बायांना त्यांनी आणखी एक सांगितलं. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, तेव्हा कापूस वेचताना एकीनं उभं राहून तुरीकडे नजर ठेवायची. कापसाच्या मधे मधे तुरीच्या ओळी, पुरुषभर उंच. तुरीत काय उभं आहे हे तुरीलाच ठाऊक. तेव्हापासून शेतात उभं राहण्याच्या पाळ्या लागल्या.

घरातला कायदा ममतानं स्वतः केला. प्रियंकानं शाळेत जायचं ते ऑटोत, यायचं ते ऑटोत. मैत्रिणीकडे नाही, सडकेवर नाही, शेळी घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तर नाहीच. आणि फोन चोवीस तास अंगावर.

तो फोन म्हणजे ममताचाच जुना, काच तडकलेला. त्यात प्रियंकाचा एक गेम होता. नाव इंग्रजी, तांड्यातली पोरं त्याला अंडेवाला गेम म्हणत. खऱ्या रस्त्यावरून फोन घेऊन हिंडायचं, कुठे झाडाखाली, कुठे देवळापाशी फोनमध्ये एखादा प्राणी दिसतो, तो पकडायचा आणि पेटीत ठेवायचा. मधे मधे अंडं मिळतं. ते उबवायचं तर चालावं लागतं. मोठ्या अंड्याला दहा किलोमीटर.

ममता चुलीपाशी भाकरी थापायची, तेव्हा प्रियंका टिकलीच्या पाठीला टेकून हे सगळं सांगत बसायची. टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी शेळी. तिची माय मेली तेव्हा प्रियंकानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. घरात बोली बंजाऱ्यांची गोरमाटी, पण गेमबद्दल सांगताना पोरगी आपसूक शाळेतल्या वऱ्हाडीवर यायची; आईला हाक मात्र याडी अशीच.

"ऑटोत बसलं तर मोजत नाही, याडी. त्याले समजते का हे चालून नाही राह्यली म्हणून. सात किलोमीटर बाकी आहेत माह्ये."

"मग राहू दे बाकी."

"पेटीत ठेवलेले मोठे होत नाहीत. ज्याच्यासंग आपण चाललो, तेच आपलं ऐकते."

ममताला वाटलं, गेम बनवणारा शेळ्या राखून मोठा झालेला दिसतो. पण तिनं विचारलं वेगळंच. एखादा प्राणी हाती लागत नसला तर काय करायचं?

"भ्यालेल्याच्या मांगं नाही लागायचं. मांगं लागलं का ते पळते. हात खाली करायचा, खायले ठेवायचं अन् उभं राह्यचं."

"अन् गेलंच तर?"

"जाऊ द्यायचं."

हे शिक्षण ममताला काही पटलं नाही. जाऊ द्यायचं म्हणे. ज्यानं हे लिहिलं त्याला लेकरू नसणार. तिनं भाकरी उलटली आणि सवयीनं मोबाइल उघडला. लाल ठिपका घरात होता. समोर बसलेली पोरगी ठिपक्यात आहे का, हेही ती आता ठिपक्यात बघायला लागली होती, आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी बारा वाजता शेतात उभं राहायची पाळी ममताची होती. चौघीजणी वाकून वेचत होत्या, कांताबाई सुनेची कागाळी मोठ्यानं सांगत होती, कारण बोलत राहायचं होतं. ममतानं तुरीवर नजर ठेवायची, तर तिनं ओटीतून मोबाइल काढला.

लाल ठिपका घरात नव्हता.

तो तांड्याच्या उत्तरेला, नाल्याच्या अलीकडच्या पडीत रानात होता. ममतानं बोटांनी नकाशा मोठा केला, लहान केला. ठिपका तिथेच. तिनं फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा बघितलं तर ठिपका सरकला होता, नाल्याच्या काठावर गेला होता. तिनं पुन्हा लावला. ठिपका नाल्याच्या पलीकडे.

"कांताबाई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की सुनेची गोष्ट तिथेच तुटली. चारही बाया ताठ उभ्या राहिल्या आणि आधी तुरीकडे बघायला लागल्या.

घरी दुसरा फोन नव्हता. सासू मोतीबाईला दिसायचं चांगलं, ऐकू यायचं नाही. कांताबाई म्हणाली की आधी घरी जाऊन बघू. ते शहाणपणाचं होतं. पण घर एकीकडे आणि ठिपका दुसरीकडे, आणि ममताचा विश्वास ठिपक्यावर बसलेला. तिनं कांताबाईला बाकीच्यांना घेऊन तांड्यावर धाडलं, माणसं घेऊन नाल्यावर ये म्हणून सांगितलं, आणि स्वतः धुऱ्याधुऱ्यानं निघाली. एकटी. फॉरेस्टवाल्यांनी सांगितलेलं सगळं तिनं पाच मिनिटांत मोडलं.

चालता चालता ती फोन लावत होती. उचल गं माय, उचल. प्रत्येक वेळी घंटी वाजून बंद व्हायची आणि ठिपका आणखी आत गेलेला असायचा. म्हणजे कोणी तिला नेत होतं? की ती पळत होती? पळत असेल तर कशापासून? ममताला आपल्या पायांचा आवाज येत होता, आणि आणखी कोणाच्या तरी पायांचा येतोय असं वाटत होतं. ती थांबली की तो थांबायचा.

नाल्यापाशी पोचण्याआधी तिनं उकंडाला फोन केला. उकंडा आत्राम कोलामपोडावरचा. फॉरेस्टवाल्यांनी गावोगावच्या माणसांचं जे दल केलं होतं त्यातला तो मुख्य, आणि हे रान त्याला अंगणासारखं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, फोन किती वेळा लावला?

"धा-अकरा वेळा."

पलीकडून उकंडानं गड्यांना हाक मारलेली ऐकू आली.

"आता लावू नको, ममताबाई. पोरगी कुठं दबून बसली असंल तर तो वाजंल."

ममता मटकन धुऱ्यावर बसली, आणि बसलेलं माणूस वाकल्यासारखंच दिसतं हे आठवून पुन्हा उभी राहिली. अकरा वेळा. झुडपात श्वास धरून बसलेल्या आपल्या लेकराच्या छातीशी आपण अकरा वेळा घंटी वाजवली होती.

तिनं फोन लावणं थांबवलं आणि ठिपकाही थांबला.

आता तो हलेचना. नकाशावरच्या हिरव्या रंगात लाल ठिपका, एका जागी. पाच मिनिटं झाली. ममतानं देवाची नावं घ्यायला सुरुवात केली आणि तिला एकही पुरं आठवेना. ठिपका चालत होता तेव्हा ती भ्याली होती. आता तो पुन्हा चालू दे, एवढंच ती मागत होती.

उकंडा दोन गडी घेऊन आला. तिघांच्या हातात काठ्या, एकाच्या हातात पत्र्याचा डबा. तिला तिथेच थांब म्हणाला, पण तिचं तोंड बघून त्यानं तो विषय सोडला. मधे चाल, वाकू नको, पळू नको, काही झालं तरी पळू नको, एवढंच सांगितलं.

नाल्यात पाणी पायाच्या घोट्याएवढं. काठच्या ओल्या रेतीत उकंडा थांबला आणि त्यानं काठीनं दाखवलं. ताटलीएवढा पंजा. खळग्यात बाजूनं पाणी झिरपत होतं, अजून पुरतं भरलं नव्हतं.

गड्यानं डबा वाजवायला हात उचलला, तो उकंडानं धरला. पोरगी कुठं अन् ते कुठं, आधी समजू दे, असं तो पुटपुटला. वर कुठंतरी वानर खकरलं, वाघ दिसल्यावर खकरतं तसं. एकदाच. मग सगळं रान ऐकत असल्यासारखं चूप.

आणि त्या शांततेत बाजा वाजला.

बारीक, टुणटुण करणारा, वाढदिवसाला केक कापताना वाजावा तसा. ममताला तो ओळखू आला. दिवाळीआधी, पोरीला हिंडायची मोकळीक होती तेव्हा, हाच बाजा वाजला की ती अंगणात नाचायची. अंडं फुटलं होतं.

आवाज घाणेरीच्या जाळीतून येत होता. ममता पुढे झाली, उकंडानं तिला मागे ओढलं, आणि दोघांनी एकदमच बघितलं. जाळीत काळं काहीतरी थरथरत होतं. कपाळावर पांढरा ठिपका. टिकली. तिच्या गळ्यात आरशांची, लाल-पिवळ्या टाक्यांची कोथळी बांधलेली होती, आणि कोथळीत फोन गात होता.

कोथळी मोतीबाईच्या हातची. म्हातारी आठवड्यापासून ती भरत बसलेली ममतानं बघितली होती. नातीनं शेळीसाठी मागितली एवढं तिला कळलं होतं. तेवढ्यावर मोतीबाई खूश. तिच्या आजाच्या काळात पाठीवर मीठ-धान्य लादून बैलांची लदेणी निघायची, तेव्हा पुढच्या बैलाला असंच आरशांनी मढवायचे. आता बैल नाहीत तर शेळी सही. आणि पोरीचा हिशेब सरळ होता: याडी चालू देत नाही, ऑटो मोजत नाही, टिकली दिवसभर चालते.

ममताला सगळं उलगडलं. सकाळी तांड्याच्या शेळ्या राखणाऱ्या हिरासिंगकाकाच्या कळपाबरोबर टिकली पडीत रानात चरत होती. तिथे आपण फोन लावला. गळ्यात घंटी वाजली, शेळी भ्याली, कळप सोडून पळाली. आपण पुन्हा लावला, ती पुन्हा पळाली. अकरा घंट्यांनी आपण तिला जंगलात हाकलत आणलं.

पोरगी इथे नव्हतीच. त्या भयाण जागी ममताला हसू फुटलं.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल थरथरला. कांताबाई. ममता, पोरगी घरी नाही. हिराकाका म्हणते, मघाशी ती शेळीच्या गळ्यातला फोन सोडून घ्यायला कळपाकडं आलती, शेळी दिसली नाही म्हणून रडत रडत कापसाच्या पऱ्हाटीतून गेली. त्यानं लई आवाज देल्ला. कोणीकडं गेली ते त्याले समजलं नाही.

ममतानं मोबाइल बघितला. लाल ठिपका तिच्यापासून दहा पावलांवर होता, शेळीच्या गळ्यात. पोरीचा ठिपका आता कुठेच नव्हता. सगळ्या रानात, सगळ्या तुरीत, कुठेही ती असू शकत होती, आणि पंजाच्या खळग्यात अजून पाणी भरत होतं.

"ही शेळी कुठं जाते रोज?" उकंडानं विचारलं.

रोज कुठे जाते. ममताला ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या आधी प्रियंका आणि टिकली शाळा सुटल्यावर दोन-दोन तास हिंडायच्या, आणि ममता त्या वेळी कधी विचारायची नाही. तेव्हा ठिपकाही नव्हता, गोळाही नव्हता. ज्याच्यासंग आपण चाललो, तेच आपलं ऐकते. दोघी एकमेकींबरोबर चालल्या होत्या. पोरीला शेळीची जागा ठाऊक असणार, आणि शेळीला पोरीची.

एक गडी टिकलीला धरायला वळला. शेळीनं कान मागे टाकले, आता सुटणार. ममतानं त्याला हातानं थांबवलं. मग तिनं स्वतःचा हात खाली केला. ओटीत कापसाबरोबर तुरीच्या चार शेंगा होत्या, त्या तळहातावर ठेवल्या आणि उभी राहिली. पोटातलं सगळं पळ पळ म्हणत होतं. ती उभी राहिली. टिकली एक पाऊल आली, थांबली, आणखी एक आली. शेंगा खाताना तिच्या ओठांचा ओलावा ममताच्या हाताला लागला. तिनं गळ्यातली कोथळी सोडवली, फोन बंद केला, आणि शेळीला धरलं नाही.

टिकली नाल्याकडे वळली. तिच्या मागे चौघं. ती सरळ गेली नाही. एका बोरीपाशी थांबली, एका दगडाला वळसा घालून गेली, जशी रोज जात असेल तशी. नाला ओलांडून हिरासिंगकाकाच्या शेताच्या धुऱ्याला लागली. धुऱ्यावर मोठी बाभूळ, बाभळीला लागून जागलीचं मचाण. टिकली मान वर करून ओरडली.

मचाणावर प्रियंका होती. गुडघे पोटाशी घेऊन, ओढणीचा बोळा तोंडात धरून.

ममताच्या तोंडातून हाक निघणार तोच पोरीनं हात पुढे केला आणि तळवा खाली दाबला. थांब. मग त्याच हातानं तिनं मचाणाच्या आणि आईच्या मधली तुरीची ओळ दाखवली.

वारा नव्हता. पण तुरीचे शेंडे हलत होते. एकाच जागचे.

मधे फार तर वीस हात. ममताची लेक तिथे, आणि ममता इथे, आणि मधे ते. आयुष्यात तिनं आजवर जे काही केलं ते पुढे धावून केलं होतं. पडणारं भांडं, चुलीपाशी रांगणारं लेकरू, उतू जाणारं दूध. आता काहीही न करता उभं राहायचं होतं. उकंडानं तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"बोल," उकंडा हळूच म्हणाला. "साध्या आवाजात. आपण माणसं हाओत हे समजू दे तिले."

काय बोलावं? ममताच्या तोंडून निघालं, "प्रियंका, तुह्यं अंडं फुटलं गं. काय निंगालं मी पाह्यलं नाही. तूच बघ. मी इथंच उभी हाओ. मी येऊन नाही राह्यली. तू बी येऊ नको. टिकली इथंच हाय, तिनं शेंगा खाल्ल्या."

ती बोलत राहिली. भाकरीचं, कांताबाईच्या सुनेचं, काय वाट्टेल ते. शेंडे थांबले. मग हलले, एक ओळ पलीकडे. मग आणखी एक. पिवळ्यात काळा एक पट्टा, वीतभर, तिला दिसला की वाटला हे ती पुढे कधीच खात्रीनं सांगू शकली नाही. शेंडे नाल्याच्या दिशेनं लांब गेले. खूप वेळानं पलीकडच्या काठावर वानरं खकरली, या खेपेला बरीच.

तेव्हा उकंडानं डबा वाजवायला सांगितलं.

मचाणावरून उतरलेल्या पोरीला मारायला ममतानं हात उचलला आणि त्याच हातानं तिचं डोकं छातीशी दाबलं. प्रियंकाच्या दातांखाली ओढणीला भोक पडलं होतं. ओढणी तोंडातून काढत ती म्हणाली, की आई लांबून येताना दिसली तेव्हा हाक मारली असती तर ती धावत आली असती, म्हणून मारली नाही.

घरी जाऊन गेम उघडला तर अंड्यातून एक मातकट पाखरू निघालं होतं, पोरीकडे तसली चार आधीच होती. तिनं ते सोडून दिलं. पेटी भरते ना मग, म्हणाली. मोतीबाईनं आपली कोथळी परत आलेली बघितली आणि शेळीला शोभली नाही का, असं विचारलं. तिला काय झालं ते सांगायचं कोणाच्यानं झालं नाही.

वाघीण गेली नाही. त्याच आठवड्यात तिनं नाल्यावर एक गोऱ्हा मारला. ममताच्या पोटातला गोळाही जागचा हलला नाही. रात्री झोपेत ती तुरीच्या ओळी मोजायची.

पण पुढच्या रविवारी ऊन वर आल्यावर कांताबाई, ममता आणि आणखी तिघी कामावर जायच्या आधी सडकेवर निघाल्या. मधे प्रियंका, प्रियंकाजवळ टिकली, पोरीच्या हातात फोन, फोनमध्ये नवं अंडं. कांताबाई कुरकुरत होती की आजवर शेळ्या चारल्या, लेकरं चारली, आता मोबाइल चारायचा राहिला होता. अर्ध्या वाटेवर ममतानं सवयीनं मोबाइल काढला. लाल ठिपका तिच्या स्वतःच्या ठिपक्यावर असा चढला होता की वेगळा दिसतच नव्हता. तिनं मोबाइल ओटीत टाकला.

सडकेच्या कडेला तूर हलली. वारा होता. तरी ममता थांबली, आणि तिच्या शेजारी प्रियंका थांबली, शेळी थांबली, आणि दोघी मायलेकी साध्या आवाजात बोलत, वाऱ्याची खात्री होईपर्यंत तिथे उभ्या राहिल्या.